मलाखी, बेदाणा आणि मजुरीचा हिशेब : आदर व पवित्रतेबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर

जय ख्रिस्त.

मिरजेजवळच्या एका ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाच्या सेक्रेटरींचा प्रश्न आहे. तो थोडक्यात असा. उपासना साडेनऊची, पण सुरू होते दहाला. मागच्या बाकांवर तरुण मोबाईलमध्ये आणि पुढच्या बाकांवर मोठी माणसं गप्पांमध्ये. घरची प्रार्थना बंद पडून वर्ष झालं. ऑफिसच्या ग्रुपवर येशूवर विनोद येतात, तेव्हा गप्प बसतो आणि मागून स्वतःवरच चिडतो. कमिटीत विषय काढला तर, "काळ बदललाय, कडक झालो तर येतात तेही जातील." अशा दिवसांत आदर आणि पवित्रता राखायची म्हणजे नेमकं काय करायचं?

काळाला नावं ठेवण्याआधी जुन्या करारातल्या मलाखीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय काढा. देवाच्या नावाचा अवमान तिथे परके लोक करत नाहीत, याजकच करतात. आंधळं, लंगडं, आजारी जनावर वेदीवर आणतात आणि वर या सगळ्याची कटकट वाटते म्हणून नाक मुरडतात. देव त्यांना म्हणतो, हेच जनावर तुमच्या अधिकाऱ्याला भेट म्हणून नेऊन बघा, घेईल का तो? हा प्रश्न आपल्याला तसाच लागू आहे. नाताळच्या कार्यक्रमाला कलेक्टरसाहेब येणार असले की माईक आदल्या दिवशीच तपासून होतो, सेक्रेटरी नऊलाच फाटकात उभे असतात, कोणाचा फोन वाजत नाही आणि कार्यक्रम मिनिटावर सुरू होतो. म्हणजे जमतं आपल्याला. चर्चमधला आपला अनादर कुणा नास्तिकाने आणून ठेवलेला नाही, तो सवयीने आलाय. आदरावर चार प्रवचनं झाडून सवय सुटत नाही, ती हातापायांनाच लावावी लागते. म्हणून या उत्तरात तत्त्वज्ञान कमी आणि घड्याळ, चपला, पावाचे तुकडे, मजुरी असल्याच गोष्टी जास्त आहेत.

उपासनेची सुरुवात शनिवारी रात्री होते. बारापर्यंत मॅच किंवा सिरीज बघून सकाळी नऊला उठलेला माणूस चर्चमध्ये शरीराने येतो आणि तासभर जांभया देतो. शनिवारी जेवण झाल्यावर रविवारचे कपडे, बायबल, गीतांचं पुस्तक आणि अर्पणाचं पाकीट एका जागी काढून ठेवा. अर्पण आदल्या दिवशी मोजून ठेवणं क्षुल्लक वाटतं, पण थाळी समोर आल्यावर खिशात सुटे चाचपणं आणि शंभराची नोट आत सारून दहाची काढणं हे मलाखीचं लंगडं जनावरच आहे. दुसऱ्या दिवशीचा शास्त्रपाठ माहीत असेल तर तो घरी एकदा मोठ्याने वाचून झोपा.

सकाळी शेवटची घंटा होण्याआधी दहा मिनिटं बाकावर असायचं. ही दहा मिनिटं ज्या मंडळीत सुधारली तिथलं निम्मं काम झालं असं समजा. पेटी आणि तबला त्याआधीच लावून झालेला असावा. लोक बसल्यावर हातोडीने तबला ठोकत बसलं की सगळ्यांना वाटतं अजून काही सुरू झालेलं नाही, आणि गप्पा रंगतात. "हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री" हेही तेव्हाच उरकलेलं हवं. दारात दोन माणसं उभी करा, एक पुरुष आणि एक बाई, गोड बोलणारी. त्यांनी सलाम करायचा, पुस्तक हातात द्यायचं आणि फोन बंद करायची आठवण हळूच करायची. भिंतीवर लाल अक्षरांत 'मोबाईल बंद ठेवा' लिहिलेलं कोणी वाचत नाही. फोनवरच बायबल वाचणाऱ्यांना एअरप्लेन मोड करायला सांगा. तरीही माझं मत असं की चर्चमध्ये छापील बायबलच असावं. वचन वाचता वाचता वरून बँकेचा मेसेज उतरला की लक्ष गेलंच. चर्चने वीसएक प्रती बाकांवर ठेवाव्यात, खर्च फार नाही.

आपल्या खेड्यांतल्या बऱ्याच मंडळ्यांत चपला दाराबाहेर काढतात, शहरात बूट घालून बसतात. जळत्या झुडपाजवळ मोशेला पायातलं काढायला सांगितलं, तेव्हा रीत शास्त्राला धरूनच आहे. ती नसली म्हणून पाप होत नाही. पण रीत असेल तर नीट असावी. चपलांसाठी मांडणी करा, नाहीतर आशीर्वाद व्हायच्या आत दारात शोधाशोध आणि ढकलाढकली सुरू होते आणि सगळ्या उपासनेचा शेवट त्या गोंगाटात होतो.

गुडघे टेकायचे की उभं राहायचं, यावर आपल्याकडे विनाकारण वाद होतात. त्यामागचा इतिहास माहीत असला तर वाद निवतो. सातारा-वाई भागात काम होतं अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे काँग्रिगेशनल वळणाचं. सांगली, मिरज, कोल्हापूरला प्रेस्बिटेरियन. महाबळेश्वर-पाचगणीत इंग्रजांची अँग्लिकन चर्चेस. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि या वेगवेगळ्या परंपरा एका छपराखाली आल्या. त्यामुळे एकाच बाकावर एक आजी गुडघे टेकते, शेजारचे काका मान खाली घालून बसून राहतात आणि तिसरा हात वर करून उभा असतो. तिघांच्याही मागे पिढ्यांची शिकवण आहे. पाळकांनी एकच करावं, प्रत्येक प्रार्थनेआधी स्पष्ट सांगावं: "गुडघे टेकूया, ज्यांना जमत नाही त्यांनी बसून राहावं." अर्धवट सूचना दिली की लोक इकडे तिकडे बघत अर्धे उठतात, अर्धे बसतात, आणि प्रार्थनेचं पहिलं मिनिट वाया जातं.

शांतता हे आपलं सगळ्यात दुबळं अंग आहे. "आपण क्षणभर शांत राहू या" म्हणणारा पुढारी दहा सेकंदांतच "प्रभू..." म्हणून सुरू करतो. शांततेची भीती त्यालाच वाटते. घड्याळ समोर ठेवा. पहिले दोन महिने तीस सेकंद, मग एक मिनिट. त्या वेळात करायचं काय तेही सांगा, एक छोटं वचन द्या आणि ते मनात फिरवायला सांगा. पेटीवाल्याने मागे सूर धरून ठेवायचा नाही. भावना तयार करण्याचा तो सोपा मार्ग आहे आणि म्हणूनच टाळायचा.

शास्त्रपाठ वाचणाऱ्याला उतारा बुधवारपर्यंत मिळालाच पाहिजे. त्याने तो घरी तीनदा मोठ्याने वाचावा, नबुखद्नेस्सर आणि अर्तहशश्त यांच्यासारखी नावं आधी जिभेवर घोळवून घ्यावीत. आयत्या वेळी "तू वाच गं जरा" म्हणून पुढे ढकललेली मुलगी भराभर वाचून मोकळी होते, तिचा दोष नाही. पुढे आल्यावर संदर्भ दोनदा सांगायचा, पानांची सळसळ थांबेपर्यंत थांबायचं, मग वाचायचं. वाचून झाल्यावर चार सेकंद तिथेच उभं राहायचं. "चुकलं असेल तर माफ करा" ही प्रस्तावना नको.

आता मंडळीच्या वतीने होणारी मध्यस्थीची प्रार्थना. ती तीन-चार मिनिटांपेक्षा लांबली की लोकांची मनं घरी स्वयंपाकाला जातात. तीन विषय कागदावर लिहून आणा. प्रार्थनेत बातम्या देऊ नका. "प्रभू, तुला ठाऊकच आहे की अमक्याच्या सुनेला कालच मिशन हॉस्पिटलला नेलं आणि डॉक्टरांनी असं असं सांगितलं" ही प्रार्थना देवासाठी नसते, शेवटच्या बाकासाठी असते. आजाऱ्याचं नाव घेण्याआधी घरच्यांना विचारा, रोगाचं नाव तर घेऊच नका. आणि "प्रभू", "हालेलुया" हे शब्द दर चार शब्दांनी स्वल्पविरामासारखे येत असतील तर स्वतःची प्रार्थना एकदा रेकॉर्ड करून ऐका. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये या तिसऱ्या आज्ञेचा भंग शिव्या देणाऱ्यांकडून होतो तितकाच भक्तांच्या तोंडातूनही होतो.

आदर म्हणजे गंभीर चेहरा आणि मंद सूर, असाही एक समज आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची शेवटची वर्षं साताऱ्यात गेली. १९१७ साली त्यांनी तिथे 'देवाचा दरबार' हा येशूच्या अनुयायांचा संघ उभा केला. भजन-कीर्तनाची वाट मराठी ख्रिस्ती भक्तीत रुळवण्यात त्यांचा मोठा हात आहे. टाळ-चिपळ्यांचं भजन रंगात येऊनही आदराचं असू शकतं, आणि अगदी चिडीचूप उपासनेतही सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असू शकतं. आवाजाचा प्रश्न शेजाऱ्यांच्या बाजूने बघावा. शंभर माणसांच्या दगडी चर्चला दोन लहान स्पीकर पुरतात, बाहेर कर्णा लावायचं कारण नाही. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती दिवसा ५० वर येते. मिरजेत मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली हॉस्पिटल सुरू केल्यापासून गाव दवाखान्यांचंच झालं आहे, तिथे भाड्याच्या हॉलमधल्या सभांनी हा नियम फळ्यावर लिहून ठेवावा. आजारी माणसाची झोप मोडून केलेल्या स्तुतीला आदर म्हणणं मला जड जातं.

लहान मुलांबद्दल कडक होऊ नका. मूल रडलं की पुढच्या तीन बाकांवरचे काका मागे वळून डोळे वटारतात आणि ती आई पुढच्या रविवारपासून यायची बंद होते. बाजूच्या दाराजवळचे दोन बाक आयांसाठी राखा. आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना काम द्या: पुस्तकं वाटणं, अर्पणाची थाळी धरणं, घंटा वाजवणं. ज्याच्या हातात थाळी आहे तो पोरगा आपोआप सावकाश चालतो.

सगळ्यात जास्त निष्काळजीपणा मला प्रभुभोजनाच्या, म्हणजे पाव आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, तयारीत दिसतो, म्हणून ती सविस्तर सांगतो. बाजारातलं लाल सरबत पाण्यात ढवळून प्याले भरणाऱ्या मंडळ्या आहेत, आणि त्याही द्राक्षांच्या जिल्ह्यात! बिनआंबवलेला रस वापरणाऱ्या मंडळीने तासगावचा बेदाणा नाहीतर काळे मनुके आणावेत. हिरवा-पिवळा बेदाणा करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात आणि रंग राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात, तेव्हा कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा. काळ्या मनुक्यांना रंगही चांगला येतो. पाव किलोला एक लिटर पाणी घालून शुक्रवारी रात्री भिजत ठेवा. शनिवारी सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळा, गार झाल्यावर हाताने कुस्करा, मलमलच्या फडक्यातून पिळून गाळा. पाऊण लिटरच्या आसपास रस निघतो. लहान प्याल्यात दहा मिली धरले तर सत्तर-पंच्याहत्तर जणांना पुरतो. बाटली उकळत्या पाण्याने धुतलेली हवी आणि रस फ्रीजमध्येच हवा. उन्हाळ्यात तो रात्रभर ओट्यावर राहिला तर सकाळी वर फेस आणि आंबूस वास येतो. मग तो टाकून द्या, साखर घालून दडपू नका.

पाव न कापलेला, एक अख्खा, आदल्या दिवशीचा घ्या. भट्टीतून नुकता निघालेला पाव सुरीखाली चिकटतो, त्याचा चुरा होतो, आणि तोच चुरा पुढे सतरंजीवर पडून सगळ्यांच्या पायाखाली येतो. कडा काढून सेंटिमीटरभराचे तुकडे करा आणि इस्त्री केलेल्या पांढऱ्या कापडाने झाका. कापड प्रत्येक वेळी धुतलेलं हवं. मागच्या महिन्याचे डाग दिसत असतील तर लोक ते बघतात, बोलत नाहीत एवढंच. उरलेल्या पावाचं आणि रसाचं काय करायचं यावर परंपरांचं एकमत नाही. काही म्हणतात ते तिथेच खाऊन-पिऊन संपवावं, काही म्हणतात उपासना संपल्यावर तो साधा पावच. दोन्हीकडची माणसं एवढं तरी मान्य करतील की ते मोरीत ओतू नये आणि संडे स्कूलच्या पोरांना खाऊ म्हणून वाटू नये. पाळक आणि मंडळीच्या वडिलांनी (एल्डर) टेबलाजवळ उभं राहून संपवावं, नाहीतर आवारात झाडाच्या मुळाशी मातीआड करावं.

आता करिंथच्या मंडळीचं बघा. अयोग्य रीतीने खाणं म्हणून प्रेषित पौलाने तिला लिहिलेल्या पत्रात ज्यावर आसूड ओढला, त्यात पाव कसा कापला हा मुद्दा नव्हता. पैसेवाले आधी येऊन खाऊन पिऊन मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत, हा होता. म्हणून स्वच्छ कापडाइतकीच दुसरी तयारी महत्त्वाची. प्रभुभोजनाची सूचना आठ दिवस आधी द्या. पूर्वी शुक्रवारी किंवा शनिवारी तयारीची उपासना असायची, ती पुन्हा सुरू करता आली तर उत्तम. त्या आठवड्यात ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या दारात जायचं. बांधाचं भांडण असो, सासरच्या वाटणीचं असो, की कमिटीच्या निवडणुकीचं. भांडण एका भेटीत मिटणार नाही. "तुझ्याशी बोलणं टाकून टेबलाजवळ जाणं मला बरं वाटत नाही," एवढं म्हणता आलं तरी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली आज्ञा तुमच्या बाजूने सुरू झाली.

इथून पवित्रतेचा विषय लागतो. आपल्या मनात पवित्रता म्हटलं की सोवळं येतं: काय खाऊ नये, कुठे बसू नये, कुणाला शिवू नये. ते सोवळं आपण बाप्तिस्म्याच्या पाण्यातून कोरडंच बाहेर आणलंय, लग्नं जमवताना मूळची जात विचारतो त्यावरून कळतं. जुन्या करारातल्या लेवीयच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचा. "पवित्र व्हा" म्हणून तो सुरू होतो आणि लगेच आईबापांवर येतो. मग शेताच्या कडा कापू नका, द्राक्षमळ्यात पडलेले मणी वेचू नका, ते गरिबांसाठी सोडा. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. चहाड्या सांगत फिरू नका. आणि अध्याय संपता संपता वजन-मापं खरी ठेवा.

सांगली जिल्ह्यात या अध्यायाला टीप लागत नाही. तुमची बाग असेल तर एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीला आलेल्या टोळीचे पैसे ठरल्या दिवशी संध्याकाळी द्या. "रविवारी चर्च झाल्यावर ये" म्हणून बोलावून तासभर ओट्यावर बसवणं हे एकोणिसाव्या अध्यायाच्या तेराव्या वचनाविरुद्ध आहे, तुम्ही आत कितीही सुंदर भजन म्हणत असलात तरी. मार्केट यार्डात हळदीचं किंवा बेदाण्याचं काम करत असाल तर कडता, म्हणजे वजनातली कपात, किती कापणार ते शेतकऱ्याला आधी सांगा, वजन त्याच्यासमोर करा. सरकारी नोकरीत असाल तर फाईल कुणाचीही असो, क्रमाने काढा. मंडळीच्या हिशेबाला हाच नियम: अर्पण दोघांनी मिळून मोजायचं, दोघांनी सह्या करायच्या, आकडा पुढच्या रविवारी जाहीर करायचा. ज्या मंडळीत हिशेब विचारणं हा पाळकांचा अपमान समजला जातो, तिथे देवाच्या नावाचा आदर फार दिवस टिकत नाही.

पैसे खाल्ले असतील, कुणाला फसवलं असेल, तर नुसती कबुली पुरत नाही. लेवीयच्या सहाव्या अध्यायाचा हिशेब सरळ आहे: मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा. पाच हजार बुडवले असतील तर सहा हजार परत. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय तर चौपटीला तयार झाला.

एकांतातल्या पापाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण तरुण संघ म्हटल्यावर ते टाळून कसं चालेल? रात्री मोबाईल उशाशी घेऊन "आज बघणार नाही" अशी शपथ घेणं म्हणजे हरायची तयारी. चार्जर स्वयंपाकघरात लावा आणि फोन दहाला तिथे ठेवा. उठायला साधं गजराचं घड्याळ आणा. पडलात तर त्याच दिवशी, नाव घेऊन, देवापुढे कबूल करा, १ योहान १:९ तेच सांगतं. आणि एका विश्वासू, वयाने मोठ्या माणसाला सांगा, पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला. ग्रुपवर साक्ष म्हणून टाकू नका. बहुतेकांचं चुकतं ते हे की पाप झाल्यावर लाजेने दोन आठवडे प्रार्थनाच सोडतात, आणि ते दोन आठवडे पुढच्या पापाला मोकळं रान मिळतं.

घरची प्रार्थना पुन्हा सुरू करताना वेळ आधी ठरवा. दिवेलागणीची वेळ सगळ्यात चांगली. जेवणानंतर झोप येते आणि मालिका सुरू झाल्यावर कोणी उठत नाही. बारा-पंधरा मिनिटं पुरे. एका गीताची दोन कडवी, दहा-बारा वचनं, अर्धं मिनिट शांतता, प्रत्येकाचं एक वाक्य, शेवटी प्रभूची प्रार्थना. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. बारा-बारा वचनं घेतली तर सोळा अध्याय दोन महिन्यांत होतात. मग स्तोत्रं, रोज एक, पाच महिने. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, जिथे होतात तिथूनच पुढे चला. ही प्रार्थना बंद पडण्याची दोन कारणं जवळपास सगळ्या घरांत सारखी असतात. वडील वचनावर वीस मिनिटं बोलतात, हे पहिलं. दुसरं म्हणजे प्रार्थनेतून मुलांना झापणं. "प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाईलचा नाद सोडव" असं मुलाला ऐकवत म्हटलं की त्याच्या लेखी ती प्रार्थना संपली. जे बोलायचं ते त्याला तोंडावर बोला, आणि देवाशी त्याच्याबद्दल तो झोपल्यावर.

ऑफिसच्या ग्रुपबद्दल. तासभर काहीच लिहू नका. विनोद टाकणारा ओळखीचा असेल तर फोन करा किंवा चहाला भेटा: "तुला माहीत नसेल, पण ते मला लागलं." बहुतेक जण काढून टाकतात. नाही काढलं तर एकदा सांगून झालं, पुन्हा पुन्हा नको. उलट धर्मावर विनोद, स्क्रीनशॉट फिरवणं, चार जण जमवून जाब विचारायला जाणं, यातलं काही नको. पेत्राने सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला सांगितलंय ते छळ सोसणाऱ्या लोकांना. तसंच "हा मेसेज दहा जणांना पाठवा, येशू आज रात्री चमत्कार करील" हा प्रकार आपणच पसरवतो. त्या विनोदापेक्षा हा नावाचा अवमान मला मोठा वाटतो.

शेजाऱ्यांच्या देवांबद्दल आपल्या गप्पांत जे बोललं जातं तेही तपासा. इफिसमध्ये पौलाच्या सोबत्यांविरुद्ध दंगल झाली तेव्हा तिथल्या नगरलेखकानेच सांगितलं की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही (प्रेषितांची कृत्ये १९:३७). पालखी लोणंद-फलटणच्या वाटेने जाते तेव्हा ख्रिस्ती घराने वाटेवर पाण्याची घागर ठेवली तर विश्वासाला काही धक्का लागत नाही. प्रसादाबाबत १ करिंथ ८ ते १० वाचून प्रत्येकाने आपल्या विवेकाने ठरवावं. घेत नसाल तर हात जोडून एका वाक्यात सांगा, घेऊन कचऱ्यात टाकू नका.

राहिला कमिटीचा प्रश्न. "कडक झालो तर लोक जातील" ही भीती खोटी नाही, कारण आपल्याकडे कडक होणं म्हणजे माईकवरून लोकांना बोलणी ऐकवणं. म्हणून दहा सुधारणा एकदम मांडू नका, तीनच मांडा: उपासना ठरल्या मिनिटाला सुरू करणं, शास्त्रपाठ बुधवारी देणं, आणि एक मिनिट शांतता. मंडळीच्या सूचना सगळ्या शेवटी, त्याही तीन मिनिटांत. मुदत घाला ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासकाळाची. रविवार वगळून चाळीस दिवस, म्हणजे सहा रविवार मिळतात, आणि सहा रविवारांना कोणी फारसं नाही म्हणत नाही. पहिल्या रविवारी साडेनऊला चर्चमध्ये अकरा माणसं असतील. तरीही साडेनऊलाच सुरू करा, आणि उशिरा येणाऱ्यांकडे कोणीही वळून बघायचं नाही हे दारातल्या दोघांना आणि पुढच्या बाकावरच्या काकांना आधी सांगून ठेवा. पहिल्या गीताच्या वेळी आत सोडा, प्रार्थना किंवा शास्त्रपाठ चालू असेल तर दारात थांबवा. चौथ्या रविवारपर्यंत फरक दिसायला लागतो. ईस्टरनंतरच्या पास्टरेट कमिटीच्या (मंडळीच्या कारभार समितीच्या) बैठकीत तीनपैकी काय टिकलं ते बघून पुढचा विषय घ्या, आणि तेव्हा लग्नातल्या फोटोग्राफरचा घ्या: एकच माणूस, वेदीपुढच्या कठड्याच्या आत पाय नाही, वचनं आणि प्रार्थना चालू असताना फ्लॅश नाही. हे लग्न ठरवायला येतील तेव्हाच दोन्ही घरांना लेखी द्यायचं, मांडवात सांगून कोणी ऐकत नाही.